सिनेटरचं चौदावं रीळ

युनिव्हर्सिटी लायब्ररीच्या तळघरातली मायक्रोफिल्मची खोली मोडणार आहेत, यंत्रं कुणाला हवी असतील तर घेऊन जा, अशी ईमेल जुन्या विद्यार्थ्यांना आली. यंत्र घेऊन मी काय करणार? ते एवढं मोठं की आमच्या टार्निटच्या घरी गॅरेजमध्ये ठेवलं तर मुलाला गाडी रस्त्यावर लावावी लागेल. तरी गेले. तन्वी नावाची एक मुलगी पीएचडी करते आहे, तिनं माझा जुना थिसिस वाचला होता आणि तिला मला तिथंच भेटायचं होतं. रिंगरोडनं दीड तास गाडी चालवून मी क्लेटनला पोचले, तोवर उत्तरेकडचा गरम वारा सुटला होता. पार्किंगमधल्या निलगिरीची साल लांब पट्ट्यांनी सुटून डांबरावर सरपटत होती.

तळघराचं दार उघडलं आणि वास आला. शिरक्याचा, व्हिनेगरचा.

जुनी फिल्म मरायला लागली की तिला शिरक्याचा वास येतो, असं तिथला लायब्रेरियन म्हणाला. मला आठवलं ते वसईचं लग्नघर. आदल्या दिवशी मोठ्या पातेल्यात मटण शिरक्यात मुरत ठेवलेलं असायचं आणि तो वास केळीच्या बागेतून पार बावखलापर्यंत जायचा. बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या काठावर बसून आम्ही पोरी पाय बुडवायचो आणि वासावरून सांगायचो, उद्या कुणाकडे बँड वाजणार. तोच वास इथे मेलबर्नमध्ये, जमिनीखाली, मेलेल्या फिल्मला. मी थोडा वेळ दारातच उभी राहिले.

कोपऱ्यातलं तिसरं यंत्र माझं. त्याच्या डाव्या बाजूची मूठ सैल होती, जास्त फिरवली की रीळ भराभर पळायचं आणि एका झटक्यात दोन वर्षं निघून जायची. अजून सैलच आहे.

मी आले सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, स्कॉलरशिपवर, एका सुटकेसमध्ये चार साड्या आणि दोन स्वेटर घेऊन. आमच्या घराण्यात मॅट्रिक झालेलं कुणी नव्हतं. बाबा तिसरीपर्यंत शिकलेले, सही तेवढी करायचे, आणि ती करताना श्वास रोखून धरायचे. मी बीए झाले, एमए झाले, आणि आता अमेरिकेच्या इतिहासात पीएचडी करायला ऑस्ट्रेलियाला निघाले, हे पाहून चर्चच्या आवारात लोक बाबांना विचारायचे, अमेरिकेचा अभ्यास करायचा तर पोरगी अमेरिकेला का नाही जात? बाबा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "तिकडं गर्दी फार. ऑस्ट्रेलियात मोकळ्यावर होतो." मला त्या उत्तराचा अजून अभिमान आहे. कुणालाही न लाजता बोलायचं, हे मी त्यांच्याकडून घेतलं. सगळंच घेतलं असतं तर बरं झालं असतं.

माझा विषय होता विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा एक अमेरिकन सिनेटर. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याच्या गावात त्याच्या नावाची शाळा आहे, चौकात त्याचा पुतळा आहे, आणि त्या शाळेतल्या पोरांचं माझं काही भांडण नाही. त्याची सगळी कागदपत्रं, पत्रं, भाषणं, वर्तमानपत्रांची कात्रणं, एकतीस रिळांवर उतरवून अमेरिकेहून आली होती. पिवळट खोक्यांत, ओळीनं. मी पहिलं खोकं उघडलं तो दिवस आठवतो, कारण मी फसले.

फिल्म निगेटिव्ह होती. काळ्यावर पांढरी अक्षरं, पाटीवर पेन्सिलीनं लिहिल्यासारखी. पहिल्याच रिळात त्याचा फोटो होता आणि यंत्राच्या काचेवर तो मला काळा दिसला. काळा चेहरा, काळे हात, ताठ कॉलरही काळी. थेट आमच्या आजोबांसारखा, रहाटाशेजारी उन्हात बसलेला. निगेटिव्ह म्हणजे काय ते मला माहीत होतं, तरी मन ऐकेना. पुढे कितीतरी महिन्यांनी एका पुस्तकात त्याचा नीट छापलेला फोटो पाहिला, फिकट डोळ्यांचा, गोरापान, तेव्हा मला वाटलं हा कुणीतरी दुसराच आहे. माझ्यासाठी तो तोपर्यंत आमच्यातला होऊन बसला होता.

आणि तो होताही तसा. छोट्या शेतकऱ्याचा मुलगा, कंदिलाखाली शिकून वकील झालेला. सिनेटमध्ये गेला तो रेल्वे कंपन्यांशी भांडायला. त्याचं एक भाषण होतं, सायडिंगला उभ्या केलेल्या वॅगनीत सडत पडलेल्या सफरचंदांवर. ते वाचताना मी यंत्राची मूठ सोडून दिली. आमची केळी वसई रोड स्टेशनवर अशीच पडून राहायची. बाबा संध्याकाळी परत यायचे ते काही न बोलता विहिरीवर जाऊन हात धुवायचे, खूप वेळ. काळी पडलेली केळी हाताला चिकटतात, तो वास साबणानं जात नाही. या माणसानं तो वास ओळखला होता. त्यानं कायदा केला, वॅगनी हलवल्या, गावोगाव शाळा मागितल्या, शेतकी कॉलेजांसाठी सिनेटमध्ये रात्रंदिवस उभा राहिला. त्याचं एक वाक्य मी कार्डावर लिहून टेबलावर चिकटवलं होतं. शेतकऱ्याच्या प्रत्येक मुलाचा कॉलेजवर हक्क आहे. मुलगा म्हणजे मुलगीही, असं मी त्याच्या वतीनं परस्पर धरून चालले.

ते दिवस मला ऋतूंनी आठवतात. वसंतात मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालायचे, म्हणून आम्ही आइस्क्रीमचा रिकामा डबा डोक्यावर उपडा घालून कॅम्पसवर चालायचो आणि कुणी हसायचं नाही. नाताळ ऐन उन्हाळ्यात. चर्चमध्ये मिडनाइट मासला घामानं साडी पाठीला चिकटलेली, बाहेर अंगणात इटालियन म्हाताऱ्या हातपंख्यानं वारा घेत. हिवाळ्यात पाच वाजता काळोख, आणि लाल डब्यांची खडखडती ट्रेन. मी फिलूबरोबर राहायचे. फिलू, म्हणजे फिलोमिना, आमच्याच शेजारच्या गावची, हॉस्पिटलात नर्स. तिला माझ्या सिनेटरचा भारी राग. मी जेवताना त्याच्याच गोष्टी सांगायचे म्हणून ती त्याला "तुझे सासरे" म्हणायची. आज काय म्हणाले सासरे? रेल्वेवर रागावले का परत? एकदा आईनं पार्सलनं सुकेळी पाठवली, वाळवून केळीच्याच पानात बांधलेली. कस्टम्सनं ती काढून घेतली आणि आत एक छापील चिठ्ठी घातली. पार्सलच्या कापडाला मात्र वास राहिला होता. ते कापड आम्ही दोघींनी कपाटात ठेवलं, आळीपाळीनं हुंगायला. बाकी त्या पार्सलमध्ये काही उरलं नव्हतं.

चौदावं रीळ मी तिसऱ्या वर्षी लावलं.

चौथं प्रकरण त्या कायद्यावर होतं. आपल्या भागातल्या, म्हणजे आशियातल्या, माणसांना अमेरिकेत पाऊल ठेवायला बंदी करणारा कायदा. माझ्या सिनेटरनं त्याला मत दिलं होतं, त्याच्या बाजूनं बोलला होता. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. पुस्तकात ते एका ओळीत असतं आणि शेवटी म्हणतात, त्या काळी सगळेच तसे होते. मी ती ओळ पुष्कळदा वाचली होती आणि पुष्कळदा ओलांडली होती.

पत्र इंग्रजीत होतं, वळणदार हातानं लिहिलेलं, दोनच परिच्छेद. महाशय, आपलं भाषण मी वर्तमानपत्रात वाचलं. आपण म्हणता, शेतकऱ्याच्या प्रत्येक मुलाचा कॉलेजवर हक्क आहे. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, आपल्याच राज्याच्या शेतकी कॉलेजात शिकतो आणि सुट्टीत सफरचंदं तोडतो. माझा धाकटा भाऊ माझ्याबरोबर बागेत काम करून पुढे कॉलेजात जाणार होता. नव्या कायद्यामुळे त्याला बंदरावरूनच परत पाठवलं. तो आपल्या म्हणण्यात येतो की नाही, एवढंच कृपा करून कळवावं.

खाली सही मराठीत. सदाशिव महादेव, आणि पुढे आडनाव, रेघेला टांगलेलं, शाळेत शिकवतात तसं. रिळाबरोबर आलेल्या छापील यादीत या पत्रापुढे लिहिलं होतं, लेखक अज्ञात, सही वाचता येत नाही. साठ-पासष्ट वर्षं ते पत्र तसंच होतं. आणि समासात पेन्सिलीनं दोन शब्द. उत्तर नको. ते अक्षर सेक्रेटरीचं असतं तर मी सुटले असते. पण सिनेटरचं अक्षर मी बाबांच्या सहीपेक्षाही चांगलं ओळखायचे.

खोलीत यंत्राच्या पंख्याचा आवाज होता. मी दिवा बंद केला तरी काचेवर काही क्षण ती अक्षरं दिसत राहिली.

माझे गाइड केन. उन्हाळ्यात हाफपँट आणि गुडघ्यापर्यंत मोजे घालून शिकवायचे. मला सारखं सांगायचे, मला केन म्हण, आणि मी "यस सर" म्हणायचे. त्यांना पत्राची प्रत दाखवली. त्यांनी चष्मा काढून ते दोनदा वाचलं. सही कुणाची ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. चांगलं सापडलंय, म्हणाले, घ्यायचं तर प्रकरण पुन्हा बांधावं लागेल, आणखी वर्ष जाईल, न घेतलंस तरी थिसिस उभा राहतो. मी विचारलं, सर, मी काय करू? ते जरा दचकले. म्हणाले, "तो थिसिस तुझा आहे. ते तूच ठरवायचं." आमच्याकडे गुरूला विचारायचं आणि तो सांगेल ते करायचं. मला सांगणारा कुणी मिळाला नाही म्हणून मी रागावले, त्यांच्यावर. पुढे बरीच वर्षं मी लोकांना सांगत आले की केननं पत्र गाळायला लावलं. ते खोटं आहे.

फिलूला सांगितलं तर ती इस्त्री करता करता म्हणाली, "मेलेल्या पेशंटची नाडी बघत बसू नकोस. आमच्या वॉर्डात असं करणारीला घरी पाठवतात." मग इस्त्री उभी ठेवून म्हणाली, "त्या सदाशिवाचं लग्न झालं होतं का गं?" मला माहीत नव्हतं. तिनं इस्त्री पुन्हा उचलली.

खरं म्हणजे गाळून वाचायची कला मला लहानपणापासून अवगत होती. सहावीत होते तेव्हापासून मी अख्ख्या आळीची पत्रं वाचायचे. नवरे बोटीवर, कुणी बहारीनला, आणि बायका पदरात पत्र खोचून आमच्या ओट्यावर यायच्या. आमच्याकडे रीत अशी की जो पत्र वाचेल त्यानंच उत्तर लिहायचं, आणि वाचलेलं पत्र उत्तर लिहिल्याशिवाय घरात ठेवायचं नाही. आईनं मला अजून एक गोष्ट शिकवली होती. वाईट असेल ती ओळ गिळायची. बाई आत्ताच भाताचं आधण ठेवून आली आहे, तिला तिच्या घरी जाऊन जेवू दे. कातरीनमावशीचं पत्र आलं त्यात तिच्या नवऱ्यानं लिहिलं होतं, पायाची जखम भरत नाही, घरी यावंसं वाटतं, काय करू ते कळव. मी मोठ्यानं वाचलं, "मी खुशाल आहे." तो आला तेव्हा त्याचा पाय गुडघ्यातून काढलेला होता. कातरीनमावशी मला कधी ओरडली नाही. एकदा बावखलावर कपडे आपटताना म्हणाली, "तू वाचलं असतंस तर मी ये म्हटलं असतं. एवढंच." आणि पुढचा कपडा घेतला.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी टायपिस्टला जे पान दिलं त्यावर वाक्य होतं: या कायद्याची झळ ज्यांना बसली त्यांच्याबाबत सिनेटरची कागदपत्रं मूक आहेत. पत्र नुसतं सोडून दिलं असतं तर तो आळस झाला असता. मी त्या जागी शांतता लिहिली. का, तर सेमिनारमध्ये मला कुणी विचारलं की ते इंडियाबद्दलच असायचं, आणि मला रेल्वेच्या दरांबद्दल विचारलं जायला हवं होतं. शेवटी ही पण आपलंच रडगाणं घेऊन आली, असं त्यांनी म्हणू नये. आणि त्या माणसानं आमच्या केळींचा वास ओळखला होता, हेही होतंच. टायपिस्टचं इलेक्ट्रिक यंत्र शेंगदाणे फोडल्यासारखं वाजायचं. त्या वाक्याला तिला दहाएक सेकंद लागले असतील.

डिग्री मिळाली. बाबांनी सर्टिफिकेट फ्रेम करून येशूच्या तसबिरीशेजारी लावलं, किंचित खाली. फादर घरी येऊन आशीर्वाद देऊन गेले. ज्यांनी विचारलं होतं, अमेरिकेला का नाही जात, तेच आता आपल्या पोरांना माझं उदाहरण द्यायला लागले. मी लेक्चरर झाले, इथेच राहिले, निवृत्त झाले. कम्युनिटीच्या कार्यक्रमात ओळख करून देताना अजून "आपल्यातली पहिली डॉक्टरेट" म्हणतात आणि मी मान ताठ ठेवते. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

पण सिनेटर गेला नाही. वर्गात मुलं गप्प झाली की मला तो पंख्याचा आवाज ऐकू यायचा. केसांना कलप लावताना एकदा वाटीतल्या काळ्या पाण्यात माझाच चेहरा उलटा उमटलेला दिसला आणि वाटलं, आता तो माझ्या समासात काय लिहील. सदाशिवाचं म्हणाल तर त्याला चेहराच नव्हता. तो फक्त वाट पाहायचा. सुपरमार्केटात सफरचंदं निवडताना शेजारी उभा असायचा, बाप्तिस्म्याला बाळाच्या डोक्यावर पाणी पडताना मागच्या बाकावर असायचा, आणि काहीही म्हणायचा नाही. विचारायचं ते त्यानं विचारून झालं होतं.

तन्वी वेळेवर आली. आईवडील ठाण्याचे, राहतात सिडनीला स्कोफिल्ड्समध्ये, ही शिकायला इथे. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, मध्येच "म्हणजे" घालते. खांद्यावर भली मोठी बॅग, पायात सँडल. वास आल्यावर तिनं नाकाला हात लावला आणि माझ्याकडे पाहून हसली. तिचा विषय त्या काळात अमेरिकेत गेलेली आपली माणसं. ती म्हणाली, आंटी, तुमच्यामुळे माझं केवढं काम वाचलं. सिनेटरच्या एकतीस रिळांत आपल्या लोकांचं काही नाही हे तुम्ही आधीच पाहून ठेवलंय, म्हणून मी ती उघडलीच नाहीत. तिनं लॅपटॉप उघडून दाखवलं. तिच्या प्रकरणाचं ते पहिलंच वाक्य होतं. कागदपत्रं मूक आहेत, आणि खाली माझं नाव. त्या शांततेवर तिनं वीस पानं रचली होती. आपली माणसं भीतीनं बोलली नाहीत, त्यांना विचारायचं सुचलंच नाही, वगैरे. तिच्या आधी आणखी दोघांनी माझं वाक्य घेतलं होतं, त्यांची नावंही तिनं दाखवली.

मी माझ्या जुन्या खुर्चीवर बसले. तिला सांगायचं तर ही पोर काय म्हणेल, आणि तिच्या आईला फोनवर काय सांगेल, हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. एवढ्या वर्षांची ताठ मान. न सांगता घरी जाता आलं असतं. फिल्म मरतच होती, लायब्रेरियननं चौदावं खोकं उघडून पाहिलं तर आतली पट्टी लाडवासारखी चिकटून बसली होती.

"तन्वी," मी म्हटलं, "ते वाक्य खोटं आहे. त्यात पत्र होतं. मी वाचलं होतं."

तिला आधी वाटलं मी वयामुळे काहीतरी घोळ घालते आहे. मग मी तिला ते पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं, पहिल्या 'महाशय'पासून. चाळीसहून जास्त वर्षांत एक शब्द हलला नव्हता. सही सांगितली, आडनावासकट. समासातले दोन शब्द सांगितले. आणि केननं मला काही करायला लावलं नव्हतं, हेही सांगितलं, कारण ते कधीतरी कुणालातरी सांगायचंच होतं.

 तिनं माझी समजूत घातली नाही, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. मग म्हणाली, "बट व्हाय, आंटी?"

मी म्हटलं, मला डिग्री हवी होती आणि त्यांच्यासारखं दिसायचं होतं. तिनं मान हलवली, समजल्यासारखी, किंवा समजायला वेळ लागेल अशी. मूळ कागद अमेरिकेत असतील, ती म्हणाली, मी मागवून घेते. मग अडखळली. तिला माझ्याविरुद्ध लिहावं लागणार होतं, आणि ती चांगल्या घरची मुलगी, मोठ्यांना नाव ठेवायची सवय नाही. एका आधीच्या अभ्यासकानं हे पत्र वगळलं, असं मोघम लिहिलं तर चालेल का, असं काहीतरी ती पुटपुटली.

"मोघम नको," मी म्हटलं. "नावानिशी लिही."

"नक्की?" तिनं मराठीत विचारलं.

"नाव, थिसिसचं वर्ष, पान नंबर. पत्र वाचून गाळलं, असं लिही. राहून गेलं असं लिहू नकोस."

ती खाली वाकून लिहायला लागली. मला तिच्या शेजारची खुर्ची ओढून स्क्रीनवर बघता आलं असतं, एखादा शब्द मऊ कर म्हणताही आलं असतं. मी उठले आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले, तिचं लिहून होईपर्यंत.